अकराची पंधरा

कोंबडीखाली उबवायला पाटीत अंडी ठेवली होती ११. आठव्या दिवशी नातवानं मोजली तर भरली १५. नातू पुण्याहून सुट्टीला आलेला, चौथी झालेला. त्याला वाटलं आपलंच चुकलं, म्हणून त्यानं परत मोजली. मग मी मोजली. मग आई काठी टेकत पडवीत आली आणि वाकून न बघताच म्हणाली, "खुणा केल्या हुत्यास का?"

नव्हत्या केल्या.

३३ वर्षं लाईनमन होतो मी. लाईन बंद झाली का, अर्थिंग लावलं का, हे दोनदा बघितल्याशिवाय खांबावर पाय ठेवला नाही कधी. आणि अंड्यावर कोळशाची एक रेघ ओढायची, तेवढं राहिलं. आईचं वय ८५. ती पुढं काही बोलली नाही, नुसती घशातून हं केली. तिचं ते हं मी शाळेत असल्यापासून ओळखतो.

आता पहिल्यापासून सांगतो.

आमचं गाव भोरच्या पश्चिमेला, भाताचं खाचर आणि डोंगर. निवृत्त झालो तेव्हा गाय झेपणार नाही म्हणून कोंबड्या ठेवल्या. सध्या तीन माद्या, एक कोंबडा, सगळी गावठी. त्यातली काळी होळीच्या सुमारास खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली. खुडूक कोंबडी ओळखायला शहाणपण लागत नाही. खुराड्यातून उठत नाही, हात नेला की अंग फुगवून दुप्पट होते, कुर्रर्र करते आणि मनगटावर चोच मारते. तुरा फिका पडतो. छातीची पिसं स्वतःच उपटून टाकते, म्हणजे कातडीची ऊब थेट अंड्याला लागते.

तेव्हा आमच्या मंडळींनी तिची खुडूक मोडली. रीत जुनीच आहे: तिचंच एक पीस घ्यायचं आणि नाकपुड्यांतून आरपार ओवायचं. ते काढायच्या नादात ती दोन-तीन दिवस खुराडं विसरते. मला ते बघवत नाही, पण गावठी अंडं १५ रुपयाला जातं आणि खुडूक कोंबडी अंडी देत नाही. या हिशोबापुढं माझं बघवणं-न बघवणं कोण विचारतो!

एप्रिलच्या मध्यावर काळी पुन्हा बसली. खाली अंडं नाही, पेंढा नाही, नुसती माती, तरी बसलेली. उचलून ओट्यावर ठेवली तर ज्या आकारात उचलली त्याच आकारात तिथं बसली, पोळपाटासारखी चपटी. मंडळी पीस शोधायला निघाल्या तेव्हा मी म्हटलं, राहू दे, या खेपेला बसवूया.

आईचं मत पडलं की वैशाखाच्या तोंडावर कोंबडी कोण बसवतं? मार्गशीर्ष-पौषात बसवावी, पिल्लांना ऊन कोवळं मिळतं. तिचं खरं होतं. उन्हाळ्यात साठवलेली अंडी बाहेरच्या गरमीनंच थोडी वाढायला लागतात आणि अर्ध्यात थांबतात. म्हणून मी अंडी माठाखालच्या ओल्या वाळूवर ठेवत गेलो, निमुळतं टोक खाली करून, आणि आठवड्याच्या आतलीच घेतली. भुरीची आणि तांबडीची मिळून ११. बांबूची पाटी, तळाला चुलीतली राख, वर भाताचा पेंढा, पेंढ्यात मुठभर कडूलिंबाचा आणि निरगुडीचा पाला. राख आणि पाला उवा-पिसवांसाठी. कोंबडी २१ दिवस एका जागी बसणार म्हणजे पिसवांना पंगतच. पाटी पडवीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली आणि दिवस मावळल्यावर काळीला तिच्यावर सोडली. दिवसाउजेडी जागा बदलली तर कोंबडी उठून जुन्या जागेवर पळते. रात्री सोडली की सकाळी तिला वाटतं, आपण इथंच होतो.

तिनं पोटाखाली एकेक अंडं चोचीनं ओढून घेतलं, दोनदा अंग हलवलं आणि डोळे अर्धे मिटले.

"लोखंड?" आई म्हणाली.

वळवाचा पाऊस गडगडला की अंडी गार जातात, म्हणजे आतून पिल्लू निघत नाही, आणि पाटीत लोखंड असलं की जात नाहीत, ही आईची श्रद्धा. तिच्या आईचीही हीच. मी तिला किती वर्षं सांगतोय की विजेचं मला थोडंफार कळतं, वीज पाटीतल्या खिळ्याला भीत नाही. अंडी जातात ती वैशाखातल्या उन्हानं, आणि गडगडाटाचे दिवसही तेच, म्हणून नाव गडगडाटाचं. ती ऐकून घेते आणि हात पुढं करते. शेवटी जुन्या हत्यारांच्या पिशवीतून क्रॉस आर्मचा, म्हणजे खांबावरच्या आडव्या पट्टीचा, एक नटबोल्ट काढून दिला. तिनं तो पेंढ्याखाली सारला.

तर आठवा दिवस. रात्री पडवीतली लाईट घालवली. बॅटरीच्या तोंडावर टूथपेस्टच्या खोक्याचं नळकांडं बसवलं आणि अंड्याची रुंद बाजू त्यावर टेकवली. नातू माझ्या खांद्यावर लोंबकळत होता. पहिलं अंडं लावलं आणि पोरगं गप्पच झालं. आत तांबूस उजेड, मध्ये एक काळा ठिपका, त्याच्यापासून चारी बाजूंना लाल शिरा पसरलेल्या. ठिपका हलत होता. लोक म्हणतात कोळ्यासारखं दिसतं. मला सबस्टेशनच्या भिंतीवरचा नकाशा आठवला, मध्ये एक सबस्टेशन आणि चहूकडं निघालेले फीडर, म्हणजे लायनी.

नऊ अंड्यांत असा भरलेला नकाशा. दोन अंड्यांत नुकतंच काम काढल्यासारखा, शिरा बारीक आणि चारच. बाकी चार स्वच्छ, आरपार उजेड.

उलगडा मंडळींनी केला. "भुरी आठ दिवस अंडं कुठं घालतीय म्हणून मी गोठा शोधून दमले," त्या म्हणाल्या. काळी दिवसातून एकदा १५-२० मिनिटं उठते. तेवढ्यात भुरी पाटीत येत होती. तिच्या बाजूनं बघितलं तर चूक काहीच नाही. आधीची अंडी तिचीच, मग पुढची तिथंच घालायची. तिची आणि तांबडीची अंडी रंगाला, आकाराला सारखी, त्यामुळं जुनी कुठली नवी कुठली हे नुसत्या डोळ्यांनी कळायला मार्ग नाही. बॅटरीनंही अर्धंच कळतं. स्वच्छ दिसणारं अंडं गारही असतं आणि कालपरवा घातलेलंही असतं. रेघा मारल्या असत्या तर बिनरेघेचं रोज उचललं असतं आणि ऑम्लेट झालं असतं.

त्या रात्री सगळ्यांवर कोळशानं खुणा केल्या. नवांवर एक रेघ, दोनांवर दोन, चारांवर फुली. दुसऱ्या दिवसापासून मी पाटीवर डालगं पालथं घालायला लागलो आणि सकाळी नऊला स्वतः उघडायला. काळी बाहेर येई ती आधी एक भलीमोठी शी करी. चोवीस तासांची एकदम, वास असा की नातू विहिरीपर्यंत पळे. पाटीत मात्र घाण करत नाही. मग मूठभर ज्वारी, पाणी, उकिरड्याशेजारच्या मातीत लोळण, आणि अंग झाडून परत. कधी तिला उचलून आणावं लागलं नाही.

चौदाव्या दिवशी परत बॅटरी. नऊ अंडी जवळजवळ काळीभोर, वर पोकळी तेवढी मोठी झालेली. दोन मध्यम. फुलीतल्या एकात शिरा फुटलेल्या, तीन तशीच आरपार. ती तीन काढून लांब नेऊन पुरली. खुराड्याजवळ फोडू नयेत, वासानं मुंगूस येतं. राहिली बारा. नऊ वेळेवर येणार, तीन मागाहून, आणि मागाहूनच्यांचं काय करायचं हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या तरी नाही.

विसाव्या संध्याकाळी आईनं कान लावला. तिला आता दाराची कडी ऐकू येत नाही, पण म्हणाली, "बोलतायत." मी वाकलो. अंड्यांतून बारीक च्यूं च्यूं येत होतं, आणि काळी पोटातल्या पोटात कुक्, कुक् असं उत्तर देत होती. १९ दिवस तिच्या तोंडून कुर्रर्रशिवाय काही निघालं नव्हतं.

एकविसाव्या दिवशी दुपारपर्यंत तीन, रात्रीपर्यंत सात, दुसऱ्या दिवशी सकाळी आठ. नववं निघालं पण तिच्या पायाखाली आलं. पहिल्या दोन दिवसांत पिल्लांना दाणापाणी नसलं तरी चालतं, बाहेर पडायच्या आधी अंड्यातला उरलेला बलक त्यांनी पोटात ओढून घेतलेला असतो. तीच कोंबडीची मुदत. मागं राहिलेल्यांसाठी ती तेवढीच थांबते. तेविसाव्या दिवशी सकाळी काळी उठली, आठ पिल्लं घेऊन अंगणात उतरली आणि मागं वळून बघितलं नाही. पाटीत तीन अंडी, अजून कोमट.

मंडळी माझ्याकडं बघत होत्या.

माळ्यावरून आंब्याची रिकामी पेटी काढली. बल्ब पाहिजे होता तो जुना पिवळा. एलईडी दिवसभर जाळला तरी अंड्याला ऊब नाही. घरात सगळे एलईडी मीच लावलेले, पिवळा बल्ब दुकानातही मिळेना. शेवटी देवघराच्या कपाटात एक ४० वॅटचा सापडला. पेटीत पेंढा, कोपऱ्यात पाण्याची वाटी म्हणजे हवा कोरडी पडत नाही, आणि मापाला घरातला तापाचा थर्मामीटर. १००च्या आसपास पाहिजे. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाचा तरी ताप उतरू नये म्हणून धडपडत होतो. वायरला गाठ मारून बल्ब खाली घ्यायचा, गाठ सोडून वर. दुपारपर्यंत आकडा बरोबर बसला आणि मी नातवाला म्हणालो, बघ, याला म्हणतात काम.

साडेचारला पश्चिमेकडं काळं झालं. पाचला वळीव उतरला, आणि सव्वापाचला लाईट गेली.

फोन लावला. सबस्टेशनला ड्यूटीवर होता तो माझ्याच हाताखाली शिकलेला मुलगा. "काका, लाईनवर झाड पडलंय. पाऊस थांबल्याशिवाय पोरं चढवता येत नाहीत. सकाळ होईल." हे वाक्य मी ३३ वर्षं लोकांना सांगितलं. ऐकायला कसं लागतं ते त्या दिवशी कळलं.

आई म्हणाली, अंडी काळीखाली घाल. काळी गोठ्यात होती, गडगडाटानं बिथरलेली, आठ पिल्लं पंखाखाली कोंबून. हळूच एक घातलं, दुसरं घातलं. तिसऱ्याला ती उभी राहिली आणि पहिलं पायानं मागं सारलं, पिल्लू सारावं तसं नाही, दगड सारावा तसं. काढून घेतली.

मग आईची गुडघे शेकायची रबरी पिशवी. चुलीवर पाणी कोमटापेक्षा जरा जास्त केलं, पिशवी भरली, तिच्यावर गोधडीची घडी, घडीत तीन अंडी, वर परत गोधडी, मध्ये थर्मामीटर. रात्रीतून चार वेळा पाणी बदललं. आईनं त्या रात्री गुडघ्यांचं नावही काढलं नाही. अकराच्या सुमाराला नातू कंदिलाजवळ एकेक अंडं कानाला लावत बसला होता. दोन रेघांचं एक अंडं त्यानं खाली ठेवलंच नाही. "आजोबा, आत कोणतरी टकटक करतंय."

चोविसाव्या दिवशी सकाळी सातला लाईट आली आणि आठला त्या अंड्याला तारेसारखी चीर दिसली. मग काही नाही. दहा वाजले, बारा वाजले. भोक ज्वारीच्या दाण्याएवढं, आत चोचीचं टोक, त्यावर पांढरा कण. त्या कणानंच ते कवच फोडतं, एक-दोन दिवसांत तो गळून पडतो. दीडला ते फिरायला लागलं. स्वतःभोवती गोल फिरत रुंद बाजूकडून टोपण कापल्यासारखं कापत गेलं. एक धक्का, विश्रांती, दुसरा धक्का. नातवानं तोंडात घास घेतला होता तो चावायचा राहिला. सव्वातीनला टोपण उघडलं आणि ओलं, मान न सावरणारं, पंख चिकटलेलं असं काहीतरी पेंढ्यावर पडलं. पिल्लू म्हणावं असं काही त्यात दिसत नव्हतं. संध्याकाळपर्यंत बल्बखाली वाळून कापसाच्या बोंडाएवढं झालं. रंग भुरकट, भुरीवर गेलेलं.

आता काळजी दुसरीच. काळीची आठही पिल्लं काळपट, हे एकच उजळ, आणि तीन दिवसांनी लहान. रात्री नऊला, दिवा न लावता, मी पिल्लू मुठीत झाकून नेलं आणि मागच्या बाजूनं तिच्या पंखाखाली सोडलं. आतल्या सात-आठ जणांनी जागेसाठी च्यूं च्यूं केलं. काळी एकदा कुक् म्हणाली. मी तिथंच पाटावर बसून राहिलो. उजाडताना बघतो तर तिच्या मानेच्या पिसांतून एक भुरकं डोकं बाहेर आलेलं, डोळे मिचकावत. डालगं उचललं, सगळी निघाली, ती मोजणी घेतल्यासारखी थांबली, भुरक्याच्या डोक्यावर एक टोच मारली, दुखवणारी नव्हे, आणि कण्या उकरायला लागली. टुक् टुक् टुक् करून चोचीनं कणी उचलायची, टाकायची, परत उचलायची. भुरकं सगळ्यांत शेवटी पोचायचं, पण पोचायचं.

राहिली दोन अंडी. दुसऱ्या दोनरेघीनं पंचविसाव्या दिवशी टोच मारली आणि तिथंच थांबलं. मला हात शिवशिवत होते. दोन वर्षांपूर्वी असंच एक मी घाईनं सोलायला गेलो होतो. कवचाच्या आतल्या पापुद्र्यात तोवर रक्त फिरत असतं, बलक पोटात गेलेला नसतो, आणि आपण सोललं की ते रक्त वाहतं. ते पिल्लू माझ्या तळहातावर गेलं. म्हणून या वेळी २४ तास हात बांधून बसलो. मग आईच म्हणाली, आता बघ. कोमट पाण्यात बोट बुडवून पापुद्रा ओला केला, नखानं थोडं कवच काढलं. रक्ताचा ठिपका दिसला तिथं थांबलो. सकाळी गेलेलं होतं. फुलीचं अंडं तिसाव्या दिवसापर्यंत ठेवलं, फोडून बघितलं, अर्ध्यात थांबलेलं. लाईट गेली म्हणून की आमच्या उलथापालथीनं, सांगता येत नाही.

पिल्लांचं पुढचं काम सोपं नसतं पण ओळखीचं असतं. नुसत्या कणीवर पिल्लू वाढत नाही, त्याला किडे पाहिजेत. आईनं फुटक्या मडक्यात ओलं शेण आणि गोणपाटाचा तुकडा भरून बांधावर पालथं घातलं, चौथ्या दिवशी आत वाळवी भरलेली. ते अंगणात झटकलं की काळी असा ओरडा करायची की शेजारची कोंबडीही धावत यायची. पाण्याच्या ताटलीत खडे ठेवायचे, नाहीतर पिल्लू एवढ्याशा पाण्यात बुडून मरतं. घार दिसली की काळी एक लांब क्र्यॅर्रर्र काढते आणि नऊच्या नऊ जिथं असतील तिथं दगड होतात. कावळ्याला मात्र ती फसली. सहाव्या दिवशी एक गेलं.

सातव्या दिवशी लासोटा, म्हणजे मानमोडीची लस. चार वर्षांपूर्वी मानमोडी आली होती, माना वाकड्या होऊन आठवड्यात २२ कोंबड्या गेल्या, तेव्हापासून यात हयगय नाही. तालुक्याहून लस बर्फाच्या थर्मासमधून आणली. अडचण एवढीच की छोटी बाटली १०० पिल्लांची, आणि एकदा कालवली की दोन-तीन तासांत संपवायची. माझी आठ. म्हणून आदल्या संध्याकाळी वाडीत निरोप दिला. सकाळी पाट्या, पिशव्या, एक आजी पदरात चार घेऊन, असे सगळे ओट्यावर जमले. पिल्लाचं डोकं आडवं धरायचं, डोळ्यात एक थेंब, त्यानं डोळा मिटून उघडला की झालं. नातू मोजत होता. ६३ झाली. पाचव्या पिल्लाच्या वेळी एका बाईनं विचारलं, "डोळे आले का त्यांचे?"

एक पिल्लू पुढं पहिल्या मोठ्या पावसात भिजून गेलं. आजघडीला सात आहेत, भुरकं धरून. ते कोंबडा निघणार असं दिसतंय, तुरा आत्तापासूनच वर येतोय.

काल संध्याकाळी आंब्याची पेटी माळ्यावर टाकायला काढली. पेंढा झटकला तर आतून नटबोल्ट पडला. मी तो पाटीतून या पेटीत ठेवला नव्हता. आई ओट्यावर शेंगा फोडत होती, तिनं मान वर केली नाही. पिशवीत टाकून दिला.

आणि भुरी परवापासून गोठ्यातल्या गव्हाणीतून उठत नाही. सकाळी हात नेला तर कुर्रर्र केलं. मंडळी म्हणतात पीस, आई म्हणते पाऊस आहे, नको. मी चुलीतून कोळशाचे दोन तुकडे काढून खिशात ठेवलेत.